इरप्पा मास्तरांची खटपट

इरप्पा मास्तरांना कुणी शहाणा म्हणत नसे. गावाच्या मते ते घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. निजामाच्या सरकारी मदरशात ते मुदर्रिस होते, म्हणजे आमच्या चारही वर्गांना मिळून एकटे मास्तर. जातीने धनगर, आळंदकडच्या खजुरीचे. बापाने मेंढरं विकून त्यांना शिकवलं आणि त्यांनी काय केलं, तर पोरांबरोबर पपईचे देठ चोखले. हे माझ्या वडिलांचं म्हणणं. माझे वडील आप्पाराव गावचे पोलीस पाटील होते, आणि त्यांचं म्हणणं गावात शेवटचं असे.

देठ चोखण्याची गोष्ट खरी आहे. पपईच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो. तो पाण्याने भरलेल्या घागरीत बुडवायचा, दुसरं टोक तोंडात धरून एकदा ओढायचं आणि खाली सोडायचं. मग घागरीचं पाणी काठावर चढून आपोआप बाहेर पडतं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही सगळी पोरं घागर रिकामी होईस्तोवर गप्प बसलो होतो. मदरसा सुटला की घरी जायचं सोडून आम्ही मास्तरांच्या मागे अंगणात जायचो. हळदीवर चुना टाकून ती लाल करायची, लिंबू पिळून परत पिवळी करायची. अंगणात काठी रोवून तिच्या सावलीवर खडे मांडायचे. याला आम्ही खटपट म्हणायचो. ‘आज खटपट हाय का मास्तर?’ एवढंच विचारायचं. दिवसभर अलिफ-बे घोकून जीव आंबलेला असायचा, खटपटीत तो परत यायचा.

मास्तरांचा एकच नियम होता. बघितलं ते सांगायचं. वाटलं ते नाही, बापाने सांगितलं ते नाही, मास्तर खूष होतील तेही नाही. मी एकदा सावली मोजताना बोटभर खोटं बोललो, तर चार दिवस मला खटपटीला बसू दिलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

एका जुम्म्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला बैलगाडीतून बिदरजवळच्या नौबादला नेलं. तिथे जुन्या बादशहांच्या वेळची सुरंगबावी आहे, जमिनीखालून पाणी वाहून नेणारा बोगदा. मधूनमधून विहिरीसारखी भोकं आहेत. मास्तरांनी एका भोकात गवताची पेंढी टाकली आणि आम्हाला पुढच्या भोकाकडे पळवलं. बऱ्याच वेळाने पेंढी खालून डुलत आली. जमिनीच्या पोटातसुद्धा पाण्याला वाटा असतात, हे मला त्या दिवशी कळलं. कळलं नसतं तर फार बरं झालं असतं.

आमचं गावही त्याच तांबड्या जांभ्याच्या पठारावर, भालकीच्या वाटेवर. गावात एक विहीर होती, आणि वेशीबाहेर महारवाड्यात दुसरी. वाडा वेशीबाहेर होता, पण चढावर. खालची काळी जमीन आमच्या लोकांनी घेतली आणि वरचा नापीक खडक त्यांना दिला. त्या खडकात त्यांनी स्वतः खणलेल्या विहिरीला मात्र बारमाही गोड पाणी लागलं. हे गावाला कायम खुपायचं.

त्या वर्षी मास्तरांनी विहिरींचं पाणी मोजायला घेतलं. फसली तेराशे पंचेचाळीस असावं, म्हणजे इंग्रजी पस्तीस-छत्तीस. सुंभाला वीत-वीतभर अंतराने गाठी मारायच्या, खाली दगड बांधायचा आणि सोडायचा. मास्तर भाबडे असले तरी बावळट नव्हते. त्यांनी दोन सुंभ केले, एक आतल्या विहिरीचा आणि एक बाहेरच्या. आतलं आम्ही मोजायचो. बाहेरचं ते स्वतः जाऊन मोजायचे, आणि तिथे दगड सोडायची ती वाड्यातली चंद्रभागा. ती मदरशाचं अंगण झाडायची. नवरा मेलेला, दोन पोरी पदरात, जीभ तिखट.

आकडे मदरशाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले असत. शिमग्याच्या सुमारास एकदा ते बघता बघता मी बोलून गेलो की वरच्या विहिरीत पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी आपलंही उतरतंय. ही दोन पाणी एकच आहेत काय?

मास्तरांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. अकरा वर्षांचा घोडा मी. माझ्या घरात मला कुणी असं कधी उचललं नव्हतं.

मग त्यांनी भालकीच्या बाजारातून रंगाऱ्याकडचा किरमिजी रंग आणला. बेस्तरवारी संध्याकाळी बादलीत कालवला आणि चंद्रभागेला सांगितलं की हा तुमच्या विहिरीत ओतायचा, दोन दिवस पाणी पिऊ नका, मग सगळं निवळेल. तिने विचारलं, याने काय होईल. मास्तर म्हणाले, खरं काय ते कळेल. तिने बादली उचलून ओतली. तिचा मास्तरांवर विश्वास होता, आणि मास्तरांचा खऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. आम्ही पाच पोरं पांढरी चिनी परात घेऊन गावच्या विहिरीवर बसलो. दर वेळी परात पुसायची, पोहरा ओतायचा, बघायचं. दुपारपर्यंत काही नाही. उन्हं कलल्यावर परातीत अगदी फिकट गुलाबी पाणी आलं. परत पुसली, परत ओतलं. तिसऱ्या वेळी तर शंकाच उरली नाही. मी ओरडत गावभर पळालो. पाणी भरायला आलेल्या बायांनी तिथेच घागरी पालथ्या केल्या.

संध्याकाळी चावडीवर सगळं गाव जमलं. मास्तर ठेवणीतला कोट घालून आले होते. मी त्यांना इतकं खूष कधी पाहिलं नाही. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, पाणी एकच आहे. तीन पिढ्या तुम्ही हेच पीत आलात, कुणाचा धर्म बुडाला नाही की कुणाला काही झालं नाही. मग त्यांची घागर आपल्या विहिरीला लागली तर काय बिघडणार आहे?

डोळ्यांनी दिसलं की माणूस मानतो, असं त्यांना खरंच वाटत होतं. एवढा शिकलेला माणूस, पण गाव म्हणजे काय ते त्याला कळलं नव्हतं.

वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. मग शांतपणे म्हणाले, “म्हंजे इतकी वर्सं आपुन त्यांचंच पानी प्यायलाव म्हना की. बरं झालं मास्तर दावलाव. उद्याच्याला ती वरची हीर बुजवून टाकू.”

मास्तरांचा चेहरा उतरला. ते हात जोडून पुढे आले. म्हणाले, पाटील, थांबा, माझी चूक झाली. तो वरचा रंग नसेलच. परवाच शिमगा झाला, पोरांनी रंगाचे हात आपल्याच विहिरीवर धुतले असतील. प्रयोग फसला समजा.

वडील माझ्याकडे वळले. “श्रीपत्या, तू तितंच हुतास न्हवं? हात धुतले का कुनी?”

आज मी म्हणू शकतो की मी लहान होतो, बापाला भ्यायलो. तसं नव्हतं. मी भ्यायलो नव्हतो. मला वाटलं मास्तर भ्यालेत, आणि आता त्यांची बाजू आपण राखली पाहिजे. त्यांच्या खटपटीला कुणी फसली म्हणू नये, त्यांनी स्वतःसुद्धा. मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, “न्हाई. मास्तरांनी कुनालाच हिरीवर हात धुवू दिले न्हाईत. आमी तीनदा परात पुसून बगितलोय. रंग वरूनच आलाय.”

“शाबास,” वडील म्हणाले.

मी मास्तरांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

विहीर बुजवायला वाड्यातल्याच माणसांना वेठीला धरलं. त्यांनीच खणलेली विहीर, त्यांनीच जांभ्याचे चिरे आणून भरायची. वडील खाट टाकून समोर बसले होते. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी चावडीवर मास्तरांना नारळ आणि शेला दिला, गावाला बाटण्यापासून वाचवलं म्हणून. त्यांनी तो घेतला. नोकरी होती, बायको आजारी होती, न घेऊन करतात काय? पण शेला घेताना त्यांचं तोंड मला अजून आठवतं.

त्यानंतर वाड्यातल्या बाया ओढ्यावर जाऊ लागल्या. जायला एक कोस, यायला एक कोस. उन्हाळ्यात ओढा आटला की झरे उकरायच्या. चंद्रभागेने अंगण झाडायचं सोडलं. एकदाच आली, कुंपणाबाहेर उभी राहिली. आम्ही पाढे म्हणत होतो. ती मोठ्याने बोलली नाही, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

“मास्तर, रंग माज्याच हातानं पडलाय. आता घरात पोरी इचारायल्यात, कामून वतलीस म्हनून. काय सांगू त्यास्नी?”

तिने थोडा वेळ वाट बघितली आणि गेली. मास्तरांनी आम्हाला पुढचा पाढा म्हणायला लावला.

खटपट संपली. मदरसा सुटला की मास्तर थेट घरी जायचे. भिंतीवरचे आकडे त्यांनी स्वतः चुन्याने पुसले. मला ते कधीच रागावले नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलायचे, बाकीच्या पोरांशी बोलायचे तितकंच. तीन वर्षांनी त्यांनी बदली मागून घेतली.

सत्तेचाळीसच्या सुगीत मी मुद्दाम खजुरीला गेलो. वडील वारले होते, गावचा पाटील मी झालो होतो. मास्तर मेंढरांच्या वाड्याशेजारी खाटेवर पडून होते. दम लागायचा. त्यांनी मला लगेच ओळखलं. मी पाया पडलो आणि बारा वर्षं घोकलेलं बोललो. चुकलो, माफ करा म्हणालो. रडलोही.

त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, “तू बगितलास ते सांगितलास. मीच शिकवलो तुला. माफी माझ्याकडं कामून मागायलास? चंद्रभागा अजून तितंच हाय न्हवं? आता पाटील तू हाईस. ती हीर उकरायला कितीक दिवस लागतील?”

दोन दिवस, मी म्हणालो. भरायला दोनच लागले होते.

मास्तर पुढच्या पंधरवड्यात गेले.

मी गावी परत आलो. गावात तेव्हा रझाकारांची धास्ती होती, दिवस वाईट होते, गावकी नाराज झाली असती. पुढच्या वर्षी सैन्य आलं, निजामी गेली, आणखी दुसरी कारणं मिळाली. ती विहीर अजून बुजलेलीच आहे. चंद्रभागेच्या दारावरून भालकीची वाट जाते. मी मळ्यातून वळसा घालून जातो.