ताईच्या अक्षरांवरचा हिरवा रंग

आमच्या भावोजींना मी अडतीस वर्षं ओळखतो. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली आणि दुसऱ्या कुणाला पुन्हा करावी न लागलेली गोष्ट एकच, माझ्या ताईशी लग्न. त्याबद्दलही मला पुष्कळ बोलता येईल, पण ते राहू दे.

भावोजी शाळेत भूगोल शिकवायचे. तेहतीस वर्षं त्यांनी पोरांना वाळवंटं, सामुद्रधुन्या आणि ज्वालामुखी शिकवले आणि स्वतः बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे गेले नाहीत, कारण त्यांना बस लागते. असा माणूस निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसून पेपर वाचेल अशी माझी समजूत होती. त्यांनी चव्वेचाळीस वर्षांची एक मोडकी व्हॅन ट्रकवर घालून आणली आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत विटांवर उभी केली. चाकं नाहीत, इंजिन गंजलेलं, सीटमध्ये उंदरांची तिसरी पिढी नांदत होती. भावोजींना गाडी चालवता येत नाही, हेही इथेच सांगून टाकतो.

ती व्हॅन आमच्या बाबांची होती. बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, गावोगाव फिरून. व्हॅन घेतली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि मी चौदाचा. निळ्या रंगावर पिवळ्या ऑइल पेंटनं दोन्ही बाजूंना 'शिलाई मशीन घरपोच दुरुस्त' हे ताईनं लिहिलं होतं. पाच दिवस लागले तिला. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. तिचा हात होताच तसा. पण मुलीनं शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवायच्या म्हणजे लोक काय म्हणतील, असं बाबांना वाटलं, आणि पेंटरच्या हाताखाली घातलं ते मला. ताईचा हात पुढे चहा-साखरेच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात खर्ची पडला.

भावोजींना ती अक्षरं परत उजेडात आणायची होती. व्हॅनचा सगळा खटाटोप त्यासाठीच. ताईनं लग्नानंतर कधीतरी त्यांना ती गोष्ट सांगितली होती, आणि ह्या माणसानं ती छत्तीस-सदतीस वर्षं डोक्यात ठेवली. व्हॅन एका रोपवाटिकेमागे सापडली, नंबर जुळला, तेव्हा ते माझ्या दुकानात धापा टाकत आले होते. म्हणाले, "बाब्या, वरचा हिरवा रंग काढला की खाली तिची अक्षरं असतील ना रे? तूच रंगवली होतीस ना ती, विकताना?"

"मीच रंगवली," मी म्हणालो. "आणि आधी घासून अक्षरं साफ काढली. माझ्या हातची गाडी आहे ती, भावोजी. खाली काहीही नाही."

हे धादांत खोटं होतं.

आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सांगतो. पेंटरकडे मी कामाला लागलो ते बाबांची व्हॅन दाखवून. "हे कोणी लिहिलं?" त्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, "मी." आठवड्याभरात त्याला माझं अक्षर कळलं. मुंगीचे पाय शाईत बुडवून सोडल्यासारखं. त्यानं शिव्या घातल्या आणि मला गाड्या रंगवायच्या स्प्रे गनवर बसवलं. तिथे मी चांगला निघालो, ते कुणीही सांगेल. पण ती व्हॅन रोज गावातून फिरायची आणि दिसेल तो मला चिडवायचा, "काय पेंटर, हल्ली तशी अक्षरं नाही काढत?" बाबांनी व्हॅन विकायला काढली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. एका दुपारी, न घासता, न प्रायमर मारता, ताईच्या अक्षरांवर हिरव्या रंगाचे तीन हात मारून मोकळा झालो. घाई होती आणि आळसही होता. शिकाऊ पोरानं असं काम केलं तर मी त्याला हाकलून देईन.

त्यामुळे अक्षरं खाली होती, अगदी जशीच्या तशी. माझा हिरवा रंग थिनरमध्ये विरघळणारा, खालचा ऑइल पेंट इतक्या वर्षांत दगडासारखा झालेला. कापसाच्या बोळ्यावर थिनर घेऊन हलक्या हातानं पुसलं असतं तर दोन दिवसांत सगळी ओळ वर आली असती. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तो माणूस मूग गिळून बसला होता.

"तरी मी बघतो," भावोजी म्हणाले. "कोणता पेपर वापरू?"

"ऐंशी नंबर," मी म्हणालो. ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर म्हणजे हातात दगडगोटे घेऊन घासण्यासारखं. म्हटलं, आठ दिवसांत खांदे भरून येतील आणि सुटेल नाद.

पण भावोजी म्हणजे भावोजी. त्यांनी व्हॅनची डावी बाजू नकाशासारखी आखली. खडूनं उभ्या-आडव्या रेघा, वर अंक, बाजूला अक्षरं. तळहाताएवढा एक चौकोन, रोज एकच. शेजारचा चौकोन चुकून खरवडला जाऊ नये म्हणून पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी पाडली होती, ती चिकटपट्टीनं पत्र्यावर बसवायची आणि खिडकीतून दिसेल तेवढंच घासायचं. पोहायला जाताना लावतात तसला चष्मा, ताईचा जुना एप्रन, डोक्याला रुमाल. घासून झालं की गंज नको म्हणून त्या चौकोनावर लगेच राखाडी प्रायमर. मग वहीत नोंद. माझ्या दुकानात एवढ्या वेळात आख्खी गाडी रंगून गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहते. दर रविवारी चहाला गेलो की मी ते बघायचो आणि मला हसू आवरायचं नाही. "काय भावोजी, कुठपर्यंत आली स्वारी?" की ते गंभीरपणे म्हणायचे, "ड-नऊ." जसा काही ध्रुवावर झेंडा रोवलाय.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे, हिरव्याखाली निळा आहेच, पण पिवळंही दिसतंय. सगळीकडे नाही, काही चौकोनांत. अक्षरं असतील का?"

 मी गिऱ्हाइकाशी बोलतानाचं तोंड केलं. "कंपनीचा प्रायमर पिवळाच असतो भावोजी. तो काढावाच लागतो, नाहीतर नवा रंग फुगतो."

"पण सगळीकडे का नाही?"

"गाड्या काय देवानं रंगवल्यात? कुठे जास्त बसतो, कुठे कमी."

"तू रंगातला माणूस," ते म्हणाले आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसले. पुस्तकात छापलंय ते खरं, आणि जाणत्यानं सांगितलं ते खरं, एवढ्यावर ह्या माणसाचा सगळा भूगोल उभा आहे. पालथ्या घड्यावर पाणी ओतलं तर निदान वाहून तरी जातं. इथे मी सांगेन ते सगळं आत मुरत होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती, पण राग यायचा. एवढ्या सहज फसणाऱ्या माणसाचा राग येतोच.

पाच महिन्यांनी डावी बाजू संपली. वरपासून खालपर्यंत राखाडी. त्या रविवारी भावोजी ताईला म्हणाले, "नाही गं सापडली. बाब्या म्हणत होता तेच खरं." ताई "असू दे" म्हणाली आणि उगाचच फडताळातल्या कपबश्या काढून परत लावायला लागली. चार वेळा लावल्या. मी चहा पीत होतो. तो नुसता कडूजहर लागला, पण मी कप खाली ठेवला नाही.

"उद्यापासून उजवी बाजू," भावोजी म्हणाले. "आता खाली काही नाही हे कळलंच आहे, तर खिडकी वगैरे नको. घासायचं मशीन भाड्यानं आणतो, म्हणजे एका दिवसात होईल." माझ्याकडे वळून म्हणाले, "तू म्हणतोस ना नेहमी, फार वेळ लावता म्हणून."

मी मान डोलावली. एक दिवस गेला की माझ्यावरचं संकट कायमचं टळणार होतं. खोटं का बोला, मला हलकं वाटलं.

मग भावोजींनी कपाटावरून एक मोठी गुंडाळी काढली. "हे बघ, तुझ्या उपयोगाचं आहे. कंपनीचा प्रायमर डाव्या बाजूवर कसकसा पसरला होता त्याचा नकाशा." प्रत्येक चौकोनात पिवळं कुठे, किती आणि कोणत्या आकारात दिसलं, ते त्यांनी वहीत काढून ठेवलं होतं, आणि आता सगळे चौकोन मोठ्या कागदावर उतरवून पिवळ्या पेन्सिलीनं रंगवले होते. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. खाली प्रमाण. स्वतः त्यांनी तो कागद टेबलावर वाकून, नाक लावून, एकेक चौकोन करत भरला होता. लांब उभं राहून बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. व्हॅनशी केलं तेच इथे.

ताई फडताळापाशी होती, म्हणजे टेबलापासून सहा पावलं लांब. तिनं मान वळवून पाहिलं. हातातली बशी तशीच राहिली.

"हे माझं मशीन आहे," ती म्हणाली.

"अगं, कुठलं मशीन? हा प्रायमर..."

"मशीन. हे बघा. आणि हे घरपोच. 'प' ची शेपटी मी जरा लांब ओढली होती, बाबा ओरडले होते." ती जवळ आली आणि कागदावरून बोट फिरवायला लागली. मग बोट थांबलं आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाब्या, तू घासलं नव्हतंस."

भावोजी एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग यावा म्हणून मी वाट बघितली. चार शब्द सुनावले असते तर मला उलटून बोलता आलं असतं, आणि त्यात मी हरत नाही. ते एवढंच म्हणाले, "मग पाच महिने मी तिची अक्षरंच घासत होतो?" आणि खुर्चीत बसले.

मी सांगितलं. पेंटरला सांगितलेलं खोटं, ती दुपार, ऐंशी नंबर, सगळं. सांगताना मला स्वतःची जेवढी किळस आली तेवढी भावोजींची कधी आली नव्हती.

"उजवी बाजू आहे अजून," शेवटी मी म्हणालो. "थिनरनं निघेल. मी आत्ता काढून देतो."

"तू हात लावायचा नाहीस," ताई म्हणाली. "ह्यांना सांग कसं करायचं ते."

म्हणून मी दुकानातून थिनर, कापूस आणि मऊ फडकी आणली आणि व्हॅनपासून चार फुटांवर स्टुलावर बसलो. "बोळा पिळून घ्या. घासू नका, पुसा. एकाच दिशेनं. लगेच कोरड्या फडक्यानं टिपा." भावोजींनी सवयीनं पुठ्ठ्याची खिडकी उचलली, ती ताईनं त्यांच्या हातातून काढून घेतली. त्यांचं काम बघवत नव्हतं. फडकं चारदा हातातून पडलं. पण माझा हिरवा रंग सुटत गेला, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निळ्यावर पिवळी ओळ उभी राहिली.

मी छत्तीस वर्षं गावातल्या पाट्यांना नावं ठेवत आलोय. त्या अक्षरांत मला नाव ठेवायला जागा सापडली नाही. मी शोधली, हेही खरं.

"का केलंस रे?" ताईनं विचारलं.

"तुझी माझ्यापेक्षा चांगली होती म्हणून."

"ते मला तेव्हाही माहीत होतं. बाबांनाही. तुला पेंटरकडे सोडून घरी आले तेव्हा म्हणाले होते, हिचा हात त्याला असता तर बरं झालं असतं."

हे मला चव्वेचाळीस वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. मी स्टुलावर बसूनच राहिलो.

पुढच्या रविवारी गेलो तर डावी बाजू निळी झालेली होती. ब्रशनंच मारलेला रंग, ठिकठिकाणी ओघळ, बघून माझे दात शिवशिवले. भावोजींनी त्यावर खडूनं परत तेच चौकोन आखले होते आणि नकाशा दोन्ही हातांनी धरून ते शिडीपाशी उभे होते. "ड-नऊ, वरच्या डाव्या कोपऱ्यातून," ते वाचत होते. ताई शिडीवर होती. माझ्याकडे न बघता तिनं पिवळ्या रंगाचा डबा खाली केला. "धर."

मी धरला. तिनं ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निपटला आणि 'मशीन' मधल्या 'म' ची पहिली रेघ ओढली. रेघ हलली. साठीचा हात, एवढी वर्षं ब्रश न धरलेला.

"थरथरतोय हात तुझा," मी म्हणालो. माझ्यानं राहवलं नाही.

"थरथरू दे," ती म्हणाली. "माझा आहे."

मी डबा जरा वर धरला.