कुत्र्याला रामराम

कुत्र्यांशी दोस्ती कशी करावी हे लहान पोरांना शिकवणारा आमच्या शहापुरात एकच माणूस आहे, आणि कुत्र्यांना सगळ्यात जास्त घाबरणारा माणूसही तोच आहे. हे माझे चुलतसासरे. मी त्यांना काकाजी म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद राहिला बाजूला, आधी चौकशी झाली. कुठून आली, कोणाकडे आली, किती दिवस राहणार? मी म्हटलं, "आता जन्मभर." ते म्हणाले, "मंग जा आत." माझं आणि त्यांचं तेव्हापासून बरं जमतं.

त्यांची सगळी नोकरी जवाहरनगरला, कारखान्याच्या गेटावर गेली. आत दारूगोळा, म्हणून येणाऱ्याच्या खिशातली काडेपेटी-विडी बाहेर ठेवून घ्यायची हे त्यांचं काम. नोकरी सुटली, पण हात काही सुटला नाही. नात्यातल्या एका लग्नात ते आपण होऊन मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि नवरदेवाच्या सख्ख्या मामाचे खिसे चाचपून विडीचा कट्टा आणि काडेपेटी काढून घेतली. मामा लालबुंद झाले. "इथं काय बॉम्ब ठेवले आहेत काय जी?" काकाजी शांतपणे म्हणाले, "मांडव कापडाचा आहे. जेवून निघाले का परत भेटन." आणि खरोखर, पानसुपारीच्या वेळी कट्टा जसाच्या तसा परत मिळाला. त्या मामांचंही मला नवल वाटतं. चिडले एवढे, पण झडतीला हात मात्र मुकाट्यानं वर केले होते.

असा हा माणूस भित्रा म्हणावा, तर तसंही नाही. गल्लीत साप निघाला की लोक आधी काकाजींना हाक मारतात, मग देवाला. ते काठीवर साप उचलून धानाच्या बांधीपलीकडे सोडून येतात आणि हात न धुता चहा मागतात. पण कुत्रं दिसलं की संपलं. बरं, कधी चावलं म्हणावं, तर तेही नाही. एकदा भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर बसच्या दाराशी एक म्हातारं, खरजुलं कुत्रं झोपलं होतं. काकाजींनी ती बस जाऊ दिली. पुढची बस तिथंच लागली, आणि कुत्र्याला उठायची काही घाई नव्हती. संध्याकाळी ऑटोनं घरी आले आणि म्हणाले, "बसले लय गर्दी होती." मी विचारलं, "किती माणसं होती?" तर म्हणाले, "माणसं नव्हती."

आता यात हसण्यासारखं काही उरलं नाही, ते गेल्या वर्षी. काकू गेल्यापासून काकाजींचा सगळा जीव त्यांच्या नातीत, पाच वर्षांच्या मीनूत. त्यांची एकुलती एक लेक जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहते, जावईही त्याच कारखान्यात. काकाजी एक दिवसाआड सायकलनं तिकडे जायचे. मग मीनूनं शेरू नावाचा कुत्रा पाळला आणि काकाजींचं जाणं बंद झालं. कोणी विचारलं तर म्हणायचे, "रस्ता लय खराब झाला." त्या हायवेवर लोक धान वाळत घालतील इतका तो गुळगुळीत आहे. रोज व्हिडिओ कॉल मात्र करायचे आणि मीनूला सांगायचे, "मोबाइल थोडा वर धर व माय, खाली तो दिसून राहिला." एवढ्या जवळ नात, आणि हे मोबाइलमध्ये बघून जेवायला बसायचे. मला तर त्यांचा रागच यायचा. आणि तरी त्यांच्या ताटात भाजी मी जरा जास्तच वाढायची.

त्यातच लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेले. बाळंतपण उन्हाळ्यात, तेव्हा महिनाभर मीनूनं आबाजींकडे, म्हणजे काकाजींकडे, राहावं असं ठरलं. काकाजींनी तिच्यासाठी नवीन चादर आणली, घडीसुद्धा मोडली नाही. आणि मीनूनं फोनवर सांगितलं, "शेरू येईन तरच मी येईन. नाही तं मी नागपूरले दादीकडे राहीन." काकाजींनी फोन ठेवला. तिसऱ्या दिवशी मी चहा दिला तेव्हा म्हणाले, "सूनबाई, येऊ दे त्याले." बोलले, आणि चहा तसाच ठेवून दाराची कडी नीट लागते का ते बघून आले.

त्यांचं एक तत्त्व आहे. जे आपल्याला येत नाही ते दुसऱ्याला शिकवायला घ्यावं. मी विचारलं, "असं काहून?" म्हणाले, "एकटा असलो तं मी पळून जाईन. लोकायच्या लेकरायपुढं पळता येत नाही."

आधी ते भंडाऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेले आणि शेळ्या-म्हशींच्या मधोमध रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय आणलं?" काकाजी म्हणाले, "मी मले आणलं जी." डॉक्टर भला माणूस. रांग थांबवून त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, आणि काकाजींनी ते गेटाच्या भाषेत पाठ केलं.

मग दर रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर गल्लीतली बारकी पोरं जमू लागली. काकाजी इस्त्रीच्या शर्टात उभे राहून सांगायचे, "कुत्रं म्हणजे गेटवाला, आन् आपण बाहेरचे. बाहेरच्यानं पळत येऊन गेटवाल्याच्या डोक्यावर थापट्या मारल्या तं चालन काय?" पोरं ओरडायची, "नाही!" "मंग पहिले मालकाले पुसा. मालक नसन तं रस्ता धरा. मालक हाव म्हणन तं कुत्र्याकडं कूस करून आडवे उभे राहा, डोळ्यात डोळे घालू नोका. मूठ बंद करून खाली सोडा. त्याले वास घेऊ द्या. तो आपला पास तपासून राहिला. मान फिरवून निघून गेला तं समजा, आज एन्ट्री नाही. मागं मागं जाऊ नोका. जवळ आला तं हनुवटीखाली खाजवा, डोक्यावर नाही." जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लंवाल्या कुत्र्याजवळ जायचंच नाही, कारण तेव्हा गेट बंद असतं. कुत्रं अंगावर धावून आलं तर पळायचं नाही, हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं. हे सांगताना काकाजी स्वतः असे उभे राहायचे की कावळा येऊन बसला असता.

शिकवणीला सगळं होतं, फक्त कुत्रं नव्हतं. ते आणायचं कोणी नाव काढलं की काकाजी म्हणायचे, "पहिले थेरी होऊ द्या." शेवटी प्रॅक्टिकलला ते स्वतःच कुत्रं झाले. पारावर हात टेकून बसले, आणि मालकीण म्हणून मला उभं केलं. आता बघा, मी डोक्यावर पदर घेऊन उभी, शेजारी माझे चुलतसासरे कुत्रं होऊन बसलेले, आणि एकेक पोट्टं येऊन मला विचारतंय, "काकू, तुमच्या कुत्र्याले हात लावू काय?" मी खाली मान घालून म्हणायची, "लाव रे बाबा." माझ्या माहेरच्यांना मी हे अजून सांगितलेलं नाही.

कुत्रं म्हणून काकाजी फार कडक होते. कोणी डोक्याला हात लावला की भुंकायचे. एका बारक्यानं त्यांचा कान ओढला तर असे गुरगुरले की तो घरी जाऊन आईला म्हणाला, "काकाजी चावते." पुढे पोरांना हीच सवय लागली. बाजारात, लग्नात, रेशनच्या रांगेत, काकाजी दिसले की पोरं रामराम न करता आडवी उभी राहायची आणि मूठ पुढे करायची. काकाजीही मान झुकवून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हं, जा आत." पाहुण्यांना वाटायचं, शहापुरात रामरामाची हीच पद्धत आहे. पण हसण्यावारी नेऊ नका. शेजारच्या वाडीत कुत्रीनं पिल्लं दिली, तेव्हा धावत निघालेल्या पोरांना याच चिमण्या पलटणीनं अडवलं. गेट बंद आहे म्हणाली.

आणि तो दिवस आला. जवाहरनगरहून ऑटो आला, त्यातून मीनूनं उडी मारली, तिच्या मागे दोरीला शेरू. चांगला दांडगा, तांबडा. सगळी शिकवणी दारात जमलेली. काकाजींच्या तोंडावर रंग नव्हता. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, म्हटलं आता हे पडतात की पळतात. त्यांनी एकदा नातीकडे पाहिलं आणि आडवे उभे राहिले. मग म्हणाले, "मीनू, तुह्या कुत्र्याले हात लावू काय?"

"लावा ना आबाजी."

मूठ खाली गेली. शेरूनं वास घेतला. मग पायजमा, चपला, दोन्ही खिसे, सगळं सावकाश तपासलं. काकाजींचे दोन्ही हात आपोआप वर गेले. जन्मभर लोकांच्या झडत्या घेतलेला माणूस, आज त्याची झडती होत होती. ती संपल्यावर शेरू तिथंच उभा राहिला. काकाजींनी हात खाली आणला आणि एका बोटानं त्याच्या हनुवटीखाली स्पर्श केला, इस्त्री तापली का बघतात तसा. पोरांनी टाळ्या पिटल्या. काकाजी डोळे मिटूनच म्हणाले, "कल्ला नोका करू रे."

महिना कसा गेला कळलं नाही. नवीन चादरीवर मीनू झोपली, शेरू दाराशी, आणि काकाजी दोघांच्या मध्ये खुर्चीवर बसून डुलक्या घ्यायचे. लेकीला मुलगा झाला, पेढे वाटून झाले, आणि मीनूला न्यायला तिचे बाबा आले. निघताना ती काकाजींच्या मांडीवर बसली होती, शेरूचं डोकं तिच्या मांडीवर. तिनं विचारलं, "आबाजी, तुम्हाले अजून शेरूचं भेव लागते काय?"

काकाजी पोरांशी खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "लागते."

"मंग त्या दिवशी हात कसा लावला?"

काकाजींनी तिच्या केसातून हात फिरवला. "मी कुठी त्याले पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "दोरीच्या दुसऱ्या टोकाले तू होती."

मला तिथं उभं राहवेना. मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि पदर डोळ्याला लावला. बाहेर आले तेव्हा ऑटो गेला होता. काकाजींनी सायकल काढली होती आणि ते फडक्यानं तिच्यावरची वर्षभराची धूळ पुसत होते. मी म्हटलं, "चहा तरी घ्या." तर म्हणाले, "तिकडंच घेतो."