तापाचा ठिपका

उचगावजवळच्या वृद्धाश्रमात फ्लूची लस कितपत उपयोगी पडते, ते मी कॉम्प्युटरवर मोजत होतो. एकेका म्हाताऱ्या माणसाचा एकेक ठिपका. ठिपक्याला ताप आला की त्याच्या भेटीगाठी कमी होतात, असं मीच प्रोग्रॅममध्ये लिहिलं होतं. पण आश्रमात लस घेऊनही आजारी पडणारे माझ्या हिशेबापेक्षा कायम जास्त निघायचे. लसच कुचकामी, असं ठरवून मी तणतणत आश्रमात गेलो.

तिथे कोडोलीचे एक आजोबा तापानं फणफणले होते आणि खाटेला सगळे चिकटून बसले होते. कुणी कपाळ चेपत होतं, कुणी पेज भरवत होतं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, लांब बसा त्यांच्यापासून!"

"आजारी माणसाला बघायला जायाचं न्हाय व्हय?" एक आजी खेकसल्या. "तुमच्या कॉम्प्युटरात काय माणूस एकटाच पडून असतोय?"

आजोबांनी माझा हात धरला. "बसा की, पावणं."

लस ठीक होती, ठिपका चुकला होता; इथे ताप आला की भेटीगाठी उलट वाढत होत्या. खाटेवर बसूनच मी आजोबांभोवतीची माणसं मोजून वहीत लिहिली: अकरा. घरी आल्यावर लक्षात आलं, मी स्वतःला मोजलंच नव्हतं.