ओनोफ्रेच्या उशाशी

पडदा उघडतो तेव्हा मागे राखाडी समुद्र, पुढे वाळूची अरुंद पट्टी, आणि तिच्यावर वाकून समुद्री शेवाळाचे लांब पट्टे वाळत घालणारी एक बुटकी बाई. डाव्या विंगेत कोळ्यांच्या होड्या. उजव्या विंगेत टेकडी, आणि तिच्या माथ्यावर आमच्या गावाची दफनभूमी.

तंबूच्या नाटक कंपनीबरोबर सगळं चिली पालथं घालून मी म्हातारपणी या दक्षिण किनाऱ्यावर बिऱ्हाड टाकलं, म्हणून आधी नेपथ्य सांगायची ही खोड. ती बाई म्हणजे एदुविना. दफनभूमीच्या फाटकाची राखण तिच्याकडे होती, आणि तिचा नवरा ओनोफ्रे त्या फाटकालगतच पुरलेला होता.

गावात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त ओनोफ्रेच्या उशाशी. त्यामुळे संध्याकाळ झाली की सगळी तरुण पोरं घरांमागच्या पायवाटेने वर चढत. प्रेमाचे फोन, गाणी, भांडणं सगळं तिथेच. सकाळी कबरीवर बिअरच्या बाटल्या सापडायच्या. शेवटी कोळ्यांचा म्होरक्या हेरिबेर्तो याने बैठकीत ठराव मांडला की दुपार कलली की फाटकाला कुलूप घालायचं. सगळ्यांत आधी एदुविनाचा हात वर गेला. कुलूप सोमवारी यायचं होतं.

त्याआधी शनिवारी सरकारने त्सुनामीची रंगीत तालीम ठेवली. अर्धं गाव लाटेने नेलं तेव्हा ही पोरं जन्मलीही नव्हती. भोंगा वाजला की आम्हा म्हाताऱ्यांचे हातपाय गार पडतात. पोरं हसत होती. आम्ही पाट्यांवरच्या बाणांप्रमाणे मोठ्या रस्त्याने निघालो आणि पुलाशी गाड्यांच्या गर्दीत अडकलो. धापा टाकत माथ्यावर पोचलो, तर पोरं आधीच भिंतीवर पाय हलवत बसलेली.

एदुविनाने नातीला, यासनाला, विचारलं की तुम्ही पोरं आधी कशी पोचलात.

"रोज तर येतो, आजी. डोळे मिटूनही येऊ. तिसऱ्या वळणावर दगड सुटलाय, तिथे मायकल हात देतो."

"हात देतो म्हणे. बघते मी त्याचा हात."

सगळे हसले. एदुविना मात्र खाली उतरणाऱ्या त्या पायवाटेकडे बघू लागली. दुसऱ्या दिवशी ती यासनाला घेऊन ती पायवाट स्वतः चढून आली.

सोमवारी हेरिबेर्तो कुलूप घेऊन आला तेव्हा ती फाटकात उभी होती.

"हेरिबेर्तो, लाट आली आणि मी किल्ली विसरले, तर फाटक कोण उघडणार? ओनोफ्रे?"

"अगं, पण तुझ्या नवऱ्याच्या छातीवर नाचतात ती."

"त्याला जन्मात कधी नाचता आलं नाही. आता बघू दे की."

कुलूप परत गेलं. पोरांना मात्र तिने एक अट घातली. दर रविवारी प्रत्येकाने शेजारच्या एका म्हाताऱ्याला त्याच वाटेने वर आणायचं, नाहीतर फोन बंद. पोरांनी कुरकुर केली, पण आणलं. माझ्या वाट्याला मायकल आला. मी एवढा सावकाश चालतो की तेवढ्यात त्याच्या फोनची बॅटरी संपते, असं तो म्हणायचा. तिसऱ्या वळणावर हात मात्र न चुकता द्यायचा.

पुढच्या शरद ऋतूत एका दुपारी जमीन अशी हलली की उभं राहता येईना. हादरा थांबला, तरी भोंगा अजून मुकाच होता. पोरं टेकडीकडे पळाली नाहीत. आधी आमच्या दारांशी आली. मायकलने मला पाठीवर घेतलं. गुडघेदुख्या हेरिबेर्तोला दोघांनी उचललं होतं आणि तो वाटभर त्यांना शिव्या घालत होता. फाटक सताड उघडं होतं. वरून आम्ही पाहिलं, समुद्र आला, होड्या आणि खालच्या शेड घेऊन मागे गेला. माणसं मोजली. सगळी होती.

ऊन उतरत होतं. पोरं नातेवाइकांना फोन लावत होती. दमलेला मायकल पाण्याची बाटली घेऊन ओनोफ्रेच्या कबरीवर टेकला, आणि समोर एदुविना दिसताच दचकून उठायला लागला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं.

"बस रे, बाळा. त्याला तेवढीच सोबत. फक्त जाताना बाटली घेऊन जा."