दस्तगीरच्या फर्म्याची खुर्ची

आष्ट्यात एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली जाते. हाजराबीनं म्हणे जतकडच्या एका म्हाताऱ्याला खुर्चीचा भाव सांगितला आणि जागच्या जागी मारला. "आवं, भाव ऐकला आन म्हातारं आडवं. पाणी सुदिक मागितलं न्हाई." सलूनमध्ये ऐकाल तर म्हातारा त्या खुर्चीतच गेलेला असतो. मंडईत ऐकाल तर त्याच्या हातात भरलेला कप असतो आणि त्यातला चहा सांडत नाही.

खरं एवढंच, की म्हाताऱ्यानं पाणी मागितलं, पेला रिकामा केला आणि तो आपल्या पायांनी पिकअपमध्ये चढून गावी गेला. पुढं अख्खा उन्हाळा आणि पावसाळा काढला, मग मेला. भावही हाजराबीनंच सांगितला, पण त्याला ज्यानं मोडलं ते भावात नव्हतं.

हाजराबीचं जुन्या फर्निचरचं दुकान स्टँडच्या मागं आहे, पत्र्याचं. नवरा दस्तगीर सुतार होता. तो वारल्यावर तिनं रंधा विकला आणि खरेदी-विक्री चालू केली. माल बघायची तिची एकच तऱ्हा. "समोरनं बघायचंच न्हाई. समोरनं सगळीच शानी दिसत्यात," असं म्हणायचं, वस्तू उलटी करायची आणि पोटाकडनं बघायची. "लाकडाला एक भाव, कामाला एक भाव. नावाचा भाव वरनं, पण नाव खरं असंल तरच."

त्या दिवशी तिच्या दारात पिकअप थांबली. आधी उतरला साताऱ्याचा साईराज. जुनं फर्निचर घेऊन मुंबईत विकणारा, पांढरे बूट, बोलताना दोन्ही हात हवेत. मागून मंगल उतरली आणि तिनं हात देऊन बापाला उतरवलं. बिराप्पा बंद पडलेल्या सूतगिरणीचा रखवालदार. मग दोन खुर्च्या खाली आल्या. सागवानी, वेताच्या, हात असे वळवलेले की बघणाऱ्याला बसावंसंच वाटावं.

"चाची, बेसिकली हा डिझायनर पीस आहे," साईराज म्हणाला. "अहमदाबादच्या डिझायनरनं गिरणीच्या गेस्ट हाउससाठी केलेला. मुंबईत ह्याला वेडं मार्केट आहे. लाकूड बघितलं, सांधे बघितले, सगळं करेक्ट आहे. फक्त प्रोव्हेनन्स पाहिजे. म्हणजे खुर्चीची जन्मकुंडली. गिरणीची सगळी दुरुस्ती तुमच्या मिस्टरांकडं होती. तुम्ही 'हीच ती' म्हणा, जोडीचे दोन लाख आत्ता देतो."

बिराप्पा पायरीवर बसला होता. गिरणी बंद पडली तेव्हा त्याचा तीन वर्षांचा पगार थकलेला. पैशांऐवजी सामान न्या, असा निरोप आला. कुणी पंखे नेले, कुणी भंगार. बिराप्पानं ह्या दोन खुर्च्या उचलल्या, कारण त्यांच्यावर कोण कोण साहेब बसायचे ते त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. गावात जाता-येता त्याला टोमणा ठरलेला: "काय बिराप्पा, पगार काय म्हणतोय?" त्याचंही उत्तर ठरलेलं: "मांडीखाली हाय. पिकतोय."

तो आज पिकला होता. हाजराबीच्या एका शब्दावर अडला होता.

तिनं खुर्ची उलटी केली. वेताच्या कडेनं अंगठा फिरवत नेला आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात तो थांबला. तिथं एक भोक जास्तीचं होतं, आणि ते दिसू नये म्हणून वेताची पट्टी दुहेरी ओढलेली होती.

दस्तगीरच्या फर्म्याची चूक होती ती. प्लायवूडच्या तुकड्यावर त्यानं भोकांच्या खुणा केल्या, त्यात एक उगाच पडली, आणि त्या फर्म्यावर काढलेल्या प्रत्येक खुर्चीत ती उतरली. "चुकलं तर चुकलं, तू झाक," तो म्हणाला होता. शेजारी झोळीत तान्ही लेक अफसाना रडत होती, ओल्या वेतानं बोटं कापत होती, आणि हाजराबी एकेका खुर्चीचा तो कोपरा झाकत होती.

तिनं दुसरी खुर्ची उलटी केली. तिथंही तेच.

हीच ती, एवढं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला पगार मिळत होता, आणि कबरीतल्या नवऱ्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. तिनं दोन्ही खुर्च्या परत सरळ करून ठेवल्या.

"ह्या आमच्या हायत," ती शेवटी म्हणाली.

"आमच्या म्हंजे?" मंगलनं विचारलं.

"माझ्या मालकानं केलेल्या. वेत मी इनलाय. गिरणीच्या साहेबांनी नमुन्याला एक खुर्ची पाठवली आन सांगितलं, पाहुणं वाढल्यात, अशाच आणिक करा."

साईराजचे हात पहिल्यांदाच खाली आले. "चाची, हे कुणाला कळणार आहे?"

"तुमाला कळलं न्हवतं तवर दोन लाख हुतं. आता तुमालाबी कळलंय."

"मग पयल्या कुठं गेल्या?" पायरीवरून बिराप्पा म्हणाला.

"आमच्या ज्या टेम्पोनं पोचवल्या, त्याच टेम्पोत साहेबांनी त्या घातल्या. दुरुस्तीला म्हणून. आमच्याकडं काय आल्या न्हाईत."

"आन तुमच्या मालकांनी इचारलं न्हाई?" मंगल म्हणाली.

"न्हाई इचारलं. कामाचं पैसं रोख मिळालं हुतं."

बिराप्पा जमिनीकडं बघत होता. "दिवाळीच्या तोंडावर?"

"व्हय."

"ताडपत्री बांधलेला टेम्पो. पाऊस तर न्हवता. मला वाटलं, ऊन लागू ने म्हणून बांधलीया." मग तो म्हणाला, "गेट मीच उघडलं. सलामबी ठोकला."

त्यानं पाणी मागितलं ते तेव्हा.

"आलोयच तर भाव सांगा की आता," मंगल म्हणाली.

"जोडीचं आठ हजार. लाकूड सागवानी, काम चांगलं. नावाचं कायबी न्हाई."

"तीन वर्सांचा पगार," मंगल म्हणाली. "आठ हजार."

साईराज घसा खाकरून म्हणाला, "मी पन्नास देतो. मुंबईत काय सांगायचं ते माझं मी बघतो. तुम्ही सगळ्यांनी फक्त गप्प बसायचं."

मंगलनं बापाकडं बघितलं. बिराप्पानं पेला खाली ठेवला. "एकदा गेट उघडलं. परत न्हाई उघडायचं."

"तुमचं गेट आन तुमची गिरणी. मेलात तरी राखत बसा," असं म्हणत मंगलनंच खुर्च्या परत पिकअपमध्ये चढवल्या. जाताना हाजराबीला म्हणाली, "चाची, एक शबुद लय जड झाला व्हय तुमाला?"

संध्याकाळी हाजराबीनं भिंतीवरचा दस्तगीरचा फर्मा चुलीत घालायला काढला आणि परत खिळ्याला अडकवला.

गावात बिराप्पा त्याच खुर्चीत बसायचा. लोक विचारायचे, पगार काय म्हणतोय. तो उठून मेंढरांच्या वाडग्याकडं जायचा. हळूहळू लोकांनीच विचारायचं सोडलं.

तो गेल्याची बातमी आष्ट्यात आली तेव्हा, ज्याच्या नकलांतून ही सगळी बोलणी इथवर आली आहेत, त्या गल्लीतल्या नकल्यानं हाजराबीशी पैज मारली. त्याचं म्हणणं, मंगल आता खुर्च्या साईराजलाच विकणार. म्हाताऱ्याबरोबर गेटही गेलं.

"इथंच यील," हाजराबी खिळे निवडत म्हणाली.

"आन न्हाई आली तर?"

"तर ती सागवानी पेटी तुझी. आन आली, तर माझा आवाज काढायचा न्हाई. कुणाम्होरंच न्हाई."

दसऱ्यानंतर मंगल आली. दोन्ही खुर्च्या घेऊन. बसली नाही, चहाला नको म्हणाली, आठ हजार घेतले.

"आप्पांचं ऐकलं म्हणून न्हाई आले," ती हाजराबीकडं न बघता म्हणाली. "साईराजला मीच फोन केलता. टेम्पो घिऊन दारात आला. मला म्हणाला, मेंढरांच्या वाडग्याचं फाटक उघडा, टेम्पो आत घेतो. मी कडीला हात लावला. मागं बघितलं तर ताडपत्री बांधलेली." तिनं नोटा पदरात बांधल्या. "माझ्याच्यानं न्हाई उघडलं."

नकल्या पैज हरला. म्हणून उलट्या खुर्चीवर हात ठेवून हाजराबी त्यानंतर मंगलला जे बोलली, ते इथं नाही.