तीनदा मागितलेली खोली

ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या त्या विद्यालयात तिला सगळे पुठ्ठामावशी म्हणत. पाठीमागे नुसतं पुठ्ठा, तोंडावर मावशी. एकतीस वर्षं ती तिथल्या ग्रंथालयाची पुस्तकं बांधत आली होती, आणि तिला दोन्ही नावं चालायची.

पुस्तक बांधावं, वाचू नये, हा तिचा नियम. वाचत बसलं की हात थांबतो आणि हात थांबला की खळ वाळते. हा नियम तिनं इतका पाळला, की एवढ्या ज्ञानाच्या ढिगात राहून मी कोरडीच, असं ती स्वतःच हसत सांगायची.

प्राचार्यांचं बोलणं मात्र ती मन लावून ऐकायची. सकाळच्या प्रार्थनेनंतर ते कामगारांना चार शब्द सांगत. त्यांचा एक आवडता ग्रीक शब्द होता, औतार्किया. "म्हणजे पुरेसं असणं," ते म्हणायचे. "पोटाला अन्न, अंगाला वस्त्र, एवढ्यावर मन भरलं पाहिजे. असा माणूस कुणापुढे हात पसरत नाही." झाडूवाले, स्वयंपाकघरातल्या बायका, मावशी, सगळे माना डोलवत. ज्यांच्याकडे मुळातच काही नाही त्यांना समाधान शिकवणं किती सोपं असतं!

पण मावशीवर हात पसरायची वेळ आली. ती भाचीच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकून झोपायची. भाचीला दुसरं मूल होणार होतं, म्हणजे तीही जागा जाणार. बांधणीच्या खोलीमागे एका खिडकीची खोली होती, मोडकी बाकं टाकायला वापरलेली. निवृत्त झाल्यावर तिथे राहू द्या, जमेल तसं काम करत राहीन, एवढंच तिचं मागणं. पहिल्यांदा प्राचार्य म्हणाले, "बघू." दुसऱ्यांदा म्हणाले, "सभेत मांडतो." तिसऱ्यांदा म्हणाले, "बाई, ती खोली तुमचीच समजा. निश्चिंत राहा." मावशी निश्चिंत राहिली. भाचीलाही सांगून मोकळी झाली.

दोन महिन्यांनी बाकं बाहेर निघाली, भिंतींना रंग लागला, आणि दारावर पाटी आली, 'अतिथी कक्ष'. विसरले असतील, मावशी स्वतःला म्हणाली. मोठ्या माणसाच्या मागे शंभर व्याप.

त्याच आठवड्यात प्राचार्यांनी आपल्या प्रवचनांचा गठ्ठा बांधायला पाठवला. कातडी पाठ, सोनेरी अक्षरं, सगळा थाट हवा होता. पण टंकलेल्या कागदांना पानांचे आकडेच नव्हते, आणि गठ्ठा सोडताना सगळे कागद सरकले. आता शेवटची ओळ कुठल्या पहिल्या ओळीला जुळते, हे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मावशी बांधायचं पुस्तक वाचू लागली.

एक प्रवचन देणगीदारांच्या मेळाव्यातलं होतं. त्यात लिहिलं होतं, की औतार्किया हा शब्द बायबलच्या नव्या करारात दोनच जागी येतो. एका जागी त्याचा अर्थ समाधान. दुसऱ्या जागी, करिंथकरांच्या पत्रात, अर्थ असा की देव आपल्याला पुरेसं देतो ते प्रत्येक चांगल्या कामाला आपला हात सढळ राहावा म्हणून. मावशी तिथेच थबकली. ही दुसरी जागा एकतीस वर्षांत खालच्या लोकांना एकदाही सांगितली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, ते असं.

पुढचं पान जुळलं. 'आमच्याकडे एक बांधणी करणाऱ्या बाई आहेत. त्यांनी कधीच काही मागितलं नाही. मी स्वतः त्यांना एक खोली देऊ केली, तर म्हणाल्या, पाहुण्यांना द्या, मला आहे ते पुरे. हीच औतार्किया!'

तिनं ते पान तीनदा वाचलं. मग हात पुसले आणि जिना चढून वर प्राचार्यांकडे गेली.

"सर, मी खोली मागितली होती. तीनदा."

विसरलो, असं ते म्हणाले असते तर ती तशीच खाली आली असती. प्राचार्यांनी चष्मा काढला.

"आठवतंय की," ते शांतपणे म्हणाले. "पण बाई, तसं सांगितलं असतं तर उदाहरणाला वजन आलं असतं का? अहो, लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं तुमच्यासाठी."

"मग माझी खोली?"

"आता कसं शक्य आहे? तुम्हीच नको म्हणालात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुन्हा मागितलीत तर तुमचंच हसं होईल."

ज्याच्या शब्दावर मावशीनं आयुष्य काढलं त्यानंच केसानं गळा कापला होता, आणि वर तिच्याच भल्याची काळजी वाहत होता.

संध्याकाळी भाची दारातच उभी होती, पोटावर हात ठेवून. "मावशी, सामान कधी हलवायचं? यांना सुट्टी काढायला सांगते."

एवढी वर्षं आपण फसत आलो, हे मावशीला लाजेनं सांगवेना.

"मीच नको म्हटलं," ती म्हणाली. "पाहुण्यांना द्या म्हटलं."

"आणि आमचा विचार?" भाची म्हणाली. "आमचा विचार नाही आला मनात?"