काळ्या यादीत टाकलेला मंडळाचा सर्व्हर

सोमवारी इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मेल सर्व्हरचा पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेला. बुधवारी त्याच सर्व्हरवरून मी एका स्नेह्याच्या अंत्यविधीची वेळ सर्वांना कळवली. गुरुवारी अंत्यविधीच्या चॅपलमध्ये आम्ही जेमतेम सातजण होतो. यादीचा प्रकार मला शुक्रवारी कळला. जबाबदार तिघे: यादी चालवणारी संस्था, तिच्या शब्दावर आमची पत्रे कचऱ्यात टाकणाऱ्या मेल कंपन्या आणि मी.

माझा दोष आधी नोंदवतो. आमच्या पापाकुरा उपनगरातल्या हॉलमध्ये गणपतीच्या महाप्रसादाला किती पाने मांडायची हे कळावे म्हणून दाराशी वही ठेवली होती. लोकांनी तीत नाव आणि ईमेल लिहिला. आमच्या पंक्तीला जेवला तो आमचाच, असे धरून ते सगळे ईमेल मी मंडळाच्या पत्रकासाठी घेतले. काहींनी पत्रकावर ‘स्पॅम’चा शिक्का मारला. जेवणाला दिलेली संमती पत्रांना लागू होत नाही, हे निवृत्त वकिलाला कळायला हवे होते. ती नावे मी शुक्रवारीच काढली.

पण गुरुवारी स्नेह्याच्या पत्नीने मला विचारले होते, “वकीलसाहेब, दर शनिवारी ह्यांच्याशी बुद्धिबळ खेळायला येणारे कुठे होते हो?” आता निदान तेराव्याचे निमंत्रण पोहोचायला हवे होते.

मुलगा म्हणाला, “बाबा, यादीतून पत्ता काढायचा फॉर्म भरा, ‘पुन्हा होणार नाही’ लिहा. स्वीट ॲज, झालं काम.”

“लिहितो. पण शिक्षेआधी मला नोटीस का नाही, हेही विचारतो.”

“अहो, ते कोर्ट नाहीये. तिकडे रोबो बसलाय.”

“मग रोबोचा वरिष्ठ कोण, तेवढं सांग.”

फॉर्ममधल्या छोट्याशा चौकटीत मी चूक कबूल केली आणि खाली प्रश्न लिहिला. दोन दिवसांनी आमचा पत्ता यादीतून निमूटपणे नाहीसा झाला. आरोप कोणाचा, पुरावा कोणता, निर्णय कोणाचा, यावर एक अक्षर नाही. तेराव्याला हॉल भरला. बुद्धिबळवाले त्या बाईंसमोर मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा काहीही अपराध नसताना.

सुटका झाली, आता सोडून द्या, असे मला सुचवले जाते. मी सोडणार नाही. माझी चूक मी मंडळाच्या पत्रकात सहीनिशी छापली आहे. यादी चालवणाऱ्यांनी, संकेतस्थळावर जिथे आमचा पत्ता जगासमोर टांगला होता त्याच पानावर, स्वतःच्या नावाने उत्तर द्यावे: नोटीस न देता एका माणसाचा शेवटचा निरोप अडवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?